लेकीला धम्माचे नाव दिले. वाटा कधी देणार?

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ११ मार्च २०२४ रोजी एक निर्णय घेतला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक बालकाचे नाव शासकीय दस्तऐवजांत ठरलेल्या क्रमाने लिहायचे. आधी बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. जन्मनोंद, शाळाप्रवेश, परीक्षेचे अर्ज, शिधापत्रिका, मालमत्तेचे कागद, सगळीकडे हाच क्रम. चळवळीतील अनेक भगिनींनी या निर्णयाचे स्वागत केले. आम्हीही केले. ज्या मायने नऊ महिने पोटात वाढवले तिचे नाव लेकराच्या नावाशी जोडायला स्वतंत्र भारतात पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ जावा लागला, हे लाजिरवाणे असले तरी निर्णय योग्यच आहे.

परंतु स्वागताचे हार उतरल्यावर एक प्रश्न उरतो. कागदावर बाईचे नाव आले म्हणजे त्या नावाला हक्कही आला काय? आणि हा प्रश्न शासनाला विचारण्याआधी आपण आपल्या घराला विचारला आहे काय?

नावाची किंमत आंबेडकरी समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळात संमत झाला आणि लगेच मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवण्यात आल्या. १९७९ मध्ये याच नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत कित्येकांचे प्राण गेले, कित्येकांचे संसार मोडले. ‘नावात काय आहे?’ असे विचारणाऱ्यांना आपण तेव्हा रक्ताने उत्तर दिले. ज्या समाजाने एका नावासाठी एवढे मोल मोजले, त्या समाजाने आपल्या घरातील लेकीच्या नावाकडेही तितक्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे.

नाव हे किती मोठे हत्यार आहे, ते मनूला चांगले ठाऊक होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचे नियम आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धन दाखवणारे आणि शूद्राचे नाव जुगुप्सित, म्हणजे ऐकताच किळस यावी असे असावे. स्त्रीचे नाव मात्र उच्चारायला सोपे, कानाला गोड, मनाला सुखावणारे हवे. वरवर हा नियम निरुपद्रवी वाटतो. पण पुरुषाच्या नावात बळ आणि धन, आणि बाईच्या नावात नुसता गोडवा, ही वाटणी कोणाच्या सोयीची आहे? तिसऱ्या अध्यायात तर वधू निवडताना नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प यांची, अंत्यजांची किंवा दासीपण सुचवणारी नावे असलेल्या मुली टाळाव्यात असे सांगितले आहे. नाव पाहूनच मुलगी नाकारण्याची सोय धर्मशास्त्राने करून ठेवली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले, तो ग्रंथ अशा रीतीने आपल्या आजी-पणजीच्या पाळण्यापर्यंत पोहोचलेला होता.

वस्तीतील जुन्या बायकांची नावे आठवून पाहा. दगडाबाई, धोंडाबाई, कचराबाई. बुधवारी जन्मली म्हणून बुधाबाई. लेकरे जगत नसत म्हणून दृष्ट लागू नये यासाठी मुद्दाम वाईट नाव ठेवण्याची रीत इतर जातींतही होती, हे आम्ही नाकारत नाही. पण आपल्या घरात त्या भीतीच्या जोडीला गावाचा धाकही असे. एखाद्या बापाने हौसेने चांगले नाव ठेवले तरी गाव ते नाव धड घेत नसे. गंगाबाईची गंगी व्हायची, सीताबाईची सिती. हाक मारणारा पोरसवदा आणि ओ देणारी आजीच्या वयाची, असे दृश्य पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत.

हा रोग जुना असला तरी बरा झालेला नाही. सातारा जिल्ह्यात घरात मुलगी नको म्हणून मुलींची नावेच ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी ठेवली जात. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाने जाहीर कार्यक्रम घेऊन अशा २८५ मुलींना नवी नावे दिली. चांगले झाले. पण त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २००१ मध्ये हाच आकडा ९१३ होता. म्हणजे २८५ नकोशींची नावे बदलली आणि तिकडे ज्यांना नाव ठेवण्याची वेळच येऊ दिली नाही, अशा नकोशींची संख्या वाढत गेली. नाव बदलणे सोपे असते, नजर बदलणे कठीण असते.

जगातही हेच दिसते. चीनमध्ये मुलीचे ‘झाओदी’ असे नाव ठेवत आले आहेत. त्याचा अर्थ ‘धाकट्या भावाला बोलावून आण’ असा होतो. नाव तिचे, पण त्यात वाट पाहिली जाते ती मुलाची! प्राचीन रोममध्ये मुलीला बहुधा घराण्याचेच नाव लावत. ज्युलियस घराण्यातील मुलगी ती ज्युलिया; दोन असल्या तर थोरली आणि धाकटी. अमेरिकेत १७६१ मध्ये आफ्रिकेतून पकडून आणलेल्या एका लहान मुलीला ज्या जहाजातून आणले त्या जहाजाचे नाव आणि ज्याने विकत घेतले त्याचे आडनाव लावले गेले. तीच पुढे कवयित्री फिलिस व्हीटली म्हणून प्रसिद्ध झाली. तिची मायबापाने ठेवलेली हाक इतिहासाला ठाऊक नाही. उलट इझाबेला नावाच्या दुसऱ्या एका कृष्णवर्णीय स्त्रीने गुलामीतून सुटल्यावर १८४३ मध्ये स्वतःच स्वतःचे नाव ठेवले : सोजर्नर ट्रुथ. सत्यासाठी गावोगाव फिरणारी, असा त्याचा आशय. मालकाने दिलेले नाव टाकून स्वतःचे नाव घेणे, ही गुलामीतून बाहेर पडल्याची खूण असते.

आपल्याकडे ही खूण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात उमटली. त्या दिवशी बोधिसत्त्व बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली आणि त्यानंतर आपल्या पाळण्यांतील नावे बदलू लागली. इंदोऱ्यापासून पाचपावलीपर्यंत घरोघरी सुजाता, विशाखा, यशोधरा, महामाया, गौतमी, संघमित्रा, आम्रपाली, प्रज्ञा, करुणा, मैत्री, समता जन्माला आल्या. कोणी फर्मान काढले नव्हते. कष्टकरी, निरक्षर मायबापांनी विहारात ऐकलेली नावे घरी आणली.

या नावांचे अर्थ आज किती मुलींना माहीत आहेत? पाली भाषेत ‘सुजाता’ म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेली. ज्यांना हजारो वर्षे हीन कुळातले म्हटले, त्यांनी आपल्या लेकीला सुजाता म्हणावे, याहून सरळ उत्तर ते कोणते? ‘खेमा’ म्हणजे जिच्या ठायी निर्भयता आहे ती. ‘उप्पलवण्णा’ म्हणजे निळ्या कमळाच्या वर्णाची. या दोघी तथागतांच्या अग्रश्राविका होत्या. ‘विशाखा’ हे तर नक्षत्राचे नाव, म्हणजे मनूच्या हिशेबाने टाळण्याजोगी मुलगी! पण त्या विशाखेने सासऱ्याला, मिगाराला, धम्माच्या वाटेवर आणले आणि तो तिलाच आई मानू लागला. तिने बांधलेला विहार ‘मिगारमातेचा प्रासाद’ म्हणून ओळखला गेला. सून म्हणून नव्हे, सासऱ्याची आई म्हणून ती ओळखली गेली. पुण्णा ही दासीची लेक. पहाटेच्या थंडीत पापे धुवायला नदीत उतरलेल्या ब्राह्मणाला तिने विचारले की पाण्याने मुक्ती मिळत असेल तर बेडूक आणि कासवे आधी स्वर्गात जायला नकोत काय? थेरीगाथेत ती आजही आपल्या नावानिशी उभी आहे.

अर्थात चळवळीने जुनी नावे टाकूनच दिली असे नाही. सावित्री हे पुराणातल्या पतिव्रतेचे नाव. सावित्रीबाई फुले यांनी त्याचा अर्थ पालटला. रमा म्हणजे लक्ष्मी. पण आज आपल्या वस्तीत रमा म्हटले की आठवते ती उपास काढून, शेण्या थापून बाबासाहेबांच्या शिक्षणाला बळ देणारी माता रमाई. बाबासाहेब तिला ‘रामू’ म्हणत आणि त्याच नावाने त्यांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ तिच्या स्मृतीस अर्पण केला. उमरेडकडच्या जाईबाई चौधरी यांनी कधी काळी स्टेशनवर ओझी वाहिली आणि पुढे नागपुरात मुलींची शाळा चालवली. नावाला अर्थ कोश देतो, पण वजन माणूस देतो.

तथापि पाळण्यातले नाव धम्माचे झाले तरी त्यामागे आडनाव उभे असते आणि या देशात आडनाव म्हणजे जात. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच शहरातले आहे. दिवंगत प्रा. कुमुद पावडे यांनी ‘अंतःस्फोट’मध्ये आपल्या संस्कृत शिक्षणाची कहाणी सांगितली आहे. कुमुद सोमकुवर या नावाने संस्कृतची पदवी हातात असूनही त्यांना नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर त्या कुमुद पावडे झाल्या आणि शासकीय महाविद्यालयाचे दार उघडले. बाई तीच, बुद्धी तीच, पदवी तीच. बदलले ते फक्त आडनाव. आपली नोकरी सोमकुवरची नाही, पावडे या नावाची आहे, हे शल्य त्यांनी लपवले नाही. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येणार नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. दलित आडनावांच्या अर्जांना प्रतिसाद कमी मिळाला.

म्हणूनच आज आपल्या समाजातील काही शिकलेली जोडपी मुलींची अशी नावे शोधतात की ऐकणाऱ्याला जातही कळू नये आणि धम्मही. आम्ही त्यांना सरसकट दोष देत नाही. मुलीला वर्गात, वसतिगृहात, कचेरीत चटका बसू नये असे कोणत्या मायबापाला वाटणार नाही? पण लपल्याने सुटका होते काय? डॉ. पायल तडवी यांचे नाव कोणत्याही घरात शोभेल असे होते. २०१९ मध्ये मुंबईत त्यांचा जीव गेला आणि जातीवरून छळ झाल्याच्या आरोपाचा खटला उभा राहिला. विचारणारा नाव ऐकून थांबत नाही. तो आडनाव विचारतो, गाव विचारतो, मार्क विचारतो. लपवलेले नाव मुलीला ढाल देत नाही, उलट आपल्यात काही लपवण्यासारखे आहे अशी शंका तिच्या मनात पेरते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आईचे नाव लावणे हे शासनाने नव्याने शोधलेले नाही. तथागतांचे अग्रश्रावक सारिपुत्त, म्हणजे सारीचा पुत्र. महाराष्ट्रावर राज्य करणारा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी. नाशिकच्या लेण्यात दुसऱ्या शतकातला एक मोठा शिलालेख आहे. तो राजमाता गौतमी बलश्री हिने भिक्खुसंघाला दिलेल्या लेण्याचा आहे. या लेखात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुलाच्या नावात आलेले ‘गौतमी’ हे तिच्या गोत्राचे नाव; तिचे स्वतःचे नाव बलश्री, आणि ते दगडावर आले ते दान तिचे होते म्हणून. सांचीच्या स्तूपावरही कितीतरी भिक्खुणींची आणि उपासिकांची नावे कोरलेली आहेत, कारण त्यांनी दान दिले होते. जिच्याजवळ देण्यासारखे काही स्वतःचे होते, तिचे नाव दोन हजार वर्षे टिकले. नाव हक्काच्या पाठीमागे चालत येते. हक्काशिवाय आलेले नाव म्हणजे नुसती शोभा.

या कसोटीवर २०२४ चा निर्णय लावून पाहा. मुलाच्या नावात आई आली. पण विवाहित स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव आणि आडनाव ही चालत आलेली पद्धत याच निर्णयाने तशीच ठेवली. मालमत्तेच्या दस्तऐवजात विवाहापूर्वीच्या नावाने नोंद करण्याची मुभा मात्र दिली. ही मुभा फार मोलाची आहे, पण ती वापरायला आधी मालमत्ता तर नावावर असली पाहिजे! न्यायालये शासनाच्या पुढे गेली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात वडील हयात असतानाही आई मुलाची नैसर्गिक पालक असू शकते असे सांगितले, आणि २०१५ मध्ये अविवाहित मातेला वडिलांचे नाव उघड न करता पालकत्व मागता येते असा निर्णय दिला. कायदा हळूहळू मायच्या बाजूला सरकतो आहे. आपले घर सरकते आहे काय?

१९५६ हे वर्ष आपण धम्मदीक्षेचे वर्ष म्हणून जाणतो. त्याच वर्षी, दीक्षेच्या चार महिने आधी, १७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार कायदा अमलात आला. नाव हिंदू असले तरी हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याने बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत, मृत्युपत्र नसेल तर, लेकीला लेकाइतकाच वाटा दिला. हा कायदा म्हणजे बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलाचाच एक तुकडा. त्या बिलाची कोंडी झाली म्हणून, आणि इतरही कारणांनी, त्यांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपद सोडले होते. पुढे २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलगी जन्मापासून हिस्सेदार झाली आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितले की दुरुस्ती लागू झाली तेव्हा बाप हयात नसला तरी तिचा हक्क बुडत नाही.

म्हणजे एकाच वर्षी आपल्या लेकींना दोन गोष्टी मिळाल्या, दोन्ही बाबासाहेबांच्या कष्टातून. एक धम्माचे नाव आणि दुसरा बापाच्या घरातला वाटा. नाव आपण आनंदाने उचलले. वाटा मात्र तसाच ठेवून दिला.

वकिलीच्या टेबलावर आम्ही हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. बाप गेला की तेरवीच्या आत नव्हे, पण वर्षाच्या आत भाऊ येतो. सोबत बहिणी असतात. “वकीलसाहेब, हक्कसोडपत्र करायचं आहे.” बहिणींना विचारावे तर त्या खाली पाहतात. “आमचं काही म्हणणं नाही जी, माहेर तुटू नये बस्स.” त्या बहिणींची नावे कागदावर लिहिताना आमचा हात अडखळतो. सुजाता. विशाखा. संघमित्रा. ज्या नावांनी त्यांना निर्भय व्हायला सांगितले, त्याच नावांची सही करून त्या आपला हक्क सोडून देतात. घरात बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा, आणि आखीव पत्रिकेवर फक्त भावांची नावे! मनुस्मृती जाळली ती कुठे आणि उरली ती कुठे?

दुसरी गोष्ट लग्नाची. आपली मंगलपरिणय पद्धत साधी, मानाची आहे. तीत वधूचे नाव बदलण्याचा विधी नाही. तरीही काही घरांत ताटातल्या तांदळावर नवे नाव लिहिण्याची हिंदू रीत मागच्या दाराने आली आहे. काल विशाखा असलेली मुलगी आज सासरच्या पसंतीची आणखी कोणी होते. चळवळीतही हे घडत आले आहे, हे मान्य केले पाहिजे. डॉ. शारदा कबीर लग्नानंतर सविता आंबेडकर झाल्या. बाबासाहेब मात्र त्यांना ‘शारू’ म्हणत. लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललेच पाहिजे असे सांगणारा एकही कायदा या देशात नाही. बदलल्याने नुकसान मात्र होते. जात पडताळणी समितीपुढे मुलीला वडिलांकडचेच पुरावे लावावे लागतात. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० मध्ये मिळाल्या, त्या सिद्ध करायलाही बापाचाच कागद लागतो. नाव बदलले की शाळेचा दाखला एका बाईचा आणि आधार कार्ड दुसऱ्या बाईचे होऊन बसते. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, चकरा. लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना किती भगिनी केवळ नावातल्या फरकामुळे रांगेतून परत आल्या, ते वस्तीतल्या कार्यकर्त्यांना विचारा.

तेव्हा आमचे समाजबांधवांना आणि विशेषतः विहारांतील महिला मंडळांना आवाहन आहे. लेकीचे नाव अर्थ जाणून ठेवा आणि ती मोठी झाली की तो अर्थ तिला सांगा. लग्नात ते नाव बदलू नका, बदलू देऊ नका. वडील वारले की तलाठ्याकडे किंवा नगर भूमापन कार्यालयात वारस म्हणून मुलींचीही नोंद करा. हे उपकार नाहीत, कायदा आहे. आणि हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी प्रत्येक बहिणीने एकटीने, भाऊ शेजारी नसताना, एखाद्या वकिलाला विचारावे. भावाला प्रेमाने काही द्यायचे असेल तर तिने जरूर द्यावे. पण आधी घेतले पाहिजे, मग दिले पाहिजे. बलश्रीने दान दिले ते तिच्याजवळ होते म्हणून.

येत्या धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर लेकीचा हात धरून जाल, तेव्हा घरून निघताना एकदा घराची आखीव पत्रिका किंवा शेताचा सातबारा उघडून पाहा. पाळण्यात जे नाव ठेवले ते त्या कागदावर कुठे आहे काय? नसेल तर आपली दीक्षा अजून अर्धीच आहे.

जयभीम!